तुर्भे, वाशी, ऐरोली, नेरूळ : मराठी कामासाठी फॉन्ट निवडताना

ठाण्यात किंवा नवी मुंबईत डिझाइनचं काम करणाऱ्याकडे एकाच आठवड्यात सोसायटीची नोटीस, हॉटेलचं मेनू कार्ड, शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका, दुकानाची पाटी आणि नवरात्राचा फ्लेक्स असं सगळं येऊ शकतं. एवढ्या कामांना हजार फॉन्ट लागत नाहीत. सहा-सात फॉन्ट कुटुंबं (एकाच वळणाच्या जाड-बारीक फॉन्टचे संच) पुरतात, फक्त ती मराठीत कशी वागतात हे आधी पारखून घेतलेलं हवं. देवनागरी फॉन्टचे नमुने बहुतेक वेळा हिंदी वाक्यांत दाखवलेले असतात. त्यात ऱ्या नसतो, ॲ नसतो, ळ तर क्वचितच. नमुना बघून फॉन्ट घेतला की या अक्षरांची गाठ थेट छापायच्या आदल्या रात्री पडते.

पारखायला लांब जायला नको, ठाण्याला नवी मुंबईशी जोडणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या स्टेशनांची नावं पुरेशी आहेत. 'ठाणे' लिहून मात्र काहीच कळत नाही, ते कुठल्याही फॉन्टमध्ये बरं दिसतं. 'तुर्भे' लिहा. भ वर रफार आणि मात्रा एकाच जागी येतात. चांगल्या फॉन्टमध्ये या दोघांचं जोडचिन्ह वेगळं काढलेलं असतं, नसेल तर एक दुसऱ्यावर चढतं. शिवाय भ आणि म यांच्यातला मुख्य फरक म्हणजे डावीकडची गाठ आणि तिथे तुटलेली शिरोरेघ. एक्स्ट्रा बोल्ड वजनात (वजन म्हणजे रेघेची जाडी) ही फट बुजते आणि फ्लेक्सवर लांबून 'तुर्मे' वाचलं जातं. घ आणि ध चं तेच, म्हणून 'घणसोली' आणि 'घोडबंदर' हेही त्याच जाडीत लिहून बघा.

'वाशी' आणि 'ऐरोली' हे श आणि ल साठी. मराठीत देठाचा श आणि पाकळीचा ल चालतो, हिंदीत दोन्हींची वळणं वेगळी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दोन्ही भाषांना कोड एकच आहे, त्यामुळे कुठलं रूप दिसेल हे फॉन्ट आणि मजकुराला लावलेली भाषा मिळून ठरवतात. फॉन्टमध्ये मराठी रूपं असली तरी सॉफ्टवेअरमध्ये भाषा 'मराठी' निवडल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनलमध्ये भाषेची यादी असते, वेब पानावर भाषेचा कोड 'एमआर' द्यावा लागतो. एवढं करूनही हिंदी ल च दिसत असेल तर फॉन्टमधली सगळी चिन्हं दाखवणारं ग्लिफ्स पॅनल उघडून मराठी ल आहे का ते शोधा. तिथेही नसेल तर तो फॉन्ट शीर्षकासाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मजकुरात एक वेळ डोळा सरावतो, पण चार इंच उंचीच्या 'लक्ष्मी'तला परका ल पहिल्या नजरेत टोचतो.

'नेरूळ'मध्ये ळ आहे आणि रू आहे. र ला उकार खाली न लागता कुशीत लागतो, आणि ऱ्हस्व-दीर्घ यांत फरक अगदी थोडा असतो. 'रुपया' आणि 'नेरूळ' एकाखाली एक लिहून नऊ पॉइंटला छापून बघा. फरक दिसत नसेल तर त्या फॉन्टमध्ये बारीक मजकूर लावू नका. 'कोपरखैरणे' ख साठी. ख च्या दोन भागांना खाली जोडणारी रेघ हलक्या वजनात आणि काळ्यावर पांढऱ्या छपाईत पुसट होते, मग तो 'रव' होतो.

यापुढे आपल्या रोजच्या कामातले शब्द. 'हार्दिक शुभेच्छा' हे दोनच शब्द फॉन्टची लायकी दाखवतात. हार्दिकमधल्या दि ची वेलांटी द च्या दांडीपर्यंत पोचली पाहिजे आणि रफार तिला न धडकता बसला पाहिजे. चांगल्या फॉन्टमध्ये वेलांटीच्या वेगवेगळ्या रुंदीच्या बऱ्याच आवृत्त्या असतात, स्वस्तात एकच असते आणि ती 'स्त्रि'सारख्या रुंद जोडाक्षरावर अर्ध्यातच थांबते. च्छा च्या पोटात किती पांढरं उरतं ते बघा. 'उद्घाटन' लिहा : द आणि घ एकाखाली एक येतात की द चा पाय मोडून शेजारी घ येतो? दोन्ही वाचता येतं, पण एकाच पत्रिकेत शीर्षक एका पद्धतीचं आणि मजकूर दुसऱ्या पद्धतीचा असं होऊ देऊ नका. मग 'विठ्ठल', 'वाङ्मय', 'हृदय', 'ब्राह्मण', 'क्लृप्ती'. त्यानंतर 'कुऱ्हाड' आणि 'दऱ्या'. इथे र् नेहमीचा नाही, ऱ ला हलन्त लावून पुढचं अक्षर द्यावं लागतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ मिळतो. साधा र वापरला की रफार तयार होतो आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात.

ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं आणि ₹ चं चिन्ह २०१० साली. त्याआधी बनलेल्या आणि नंतर सुधारणा न झालेल्या फॉन्टमध्ये दोन्ही नसतात. सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून चिन्ह उचलतं. मेनू कार्डावर चाळीस ठिकाणी ₹ वेगळ्या जाडीचा दिसला की कारण बहुधा हेच.

हे सगळे शब्द एका फाइलमध्ये कायमचे ठेवा. नवा फॉन्ट आला की तीच फाइल त्यात लावायची, एकदा ६० पॉइंटला आणि एकदा ९ ला, आणि ए-फोरवर शंभर टक्के आकारात लेझर प्रिंट काढायची.

आता कुटुंबं. एकच घ्यायचं असेल तर मी 'मुक्त' हा फॉन्ट सांगेन. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा आहे, सात वजनं आहेत, देवनागरी आणि रोमन दोन्ही एकमेकांशेजारी शांत बसतात आणि खुल्या परवान्यावर फुकट मिळतो. नोटीस, फॉर्म, माहितीपत्रक, वेबसाइट, औषधाच्या खोक्यावरचा बारीक मजकूर, सगळीकडे चालतो. त्याची स्वतःची ओळीची उंची भरपूर ठेवलेली आहे, त्यामुळे ऑनलाइन फॉर्मच्या बटणात शब्द वर-खाली सरकल्यासारखा वाटतो. तिथे पॅडिंग (बटणाच्या आतली मोकळी जागा) वर-खाली वेगवेगळं द्या.

त्याच गटाचा 'अनेक देवनागरी' हा दुसरा. हा व्हेरिएबल फॉन्ट आहे, म्हणजे एकाच फाइलमध्ये जाडी-रुंदी हवी तशी बदलता येते : वजन १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५. लांबलचक मंडळाचं नाव एका ओळीत बसवायचं असतं तेव्हा याची अरुंद रूपं कामी येतात. लोक अशा वेळी अक्षरं आडवी दाबतात. तसं केलं की उभ्या दांड्या बारीक होतात, आडव्या रेघा तेवढ्याच राहतात आणि शिरोरेघ दांडीपेक्षा जाड दिसते. अरुंद काढलेल्या फॉन्टमध्ये हा तोल सांभाळलेला असतो. बातमीवजा ठसठशीत मथळ्यांना इंडियन टाइप फाउंड्रीचे 'खंड' आणि 'तेको' हे फॉन्ट आहेत, पण तेको चौकोनी वळणाचा आहे. स्पर्धा, क्रीडा, जिम यांना शोभतो, लग्नाला नाही.

पॉपिन्स सगळीकडे दिसतो आणि त्याला कारण आहे : नऊ वजनं आणि रोमन-देवनागरी दोन्ही. रेघ सगळीकडे जवळपास एकाच जाडीची असल्यामुळे छोट्या शब्दांच्या ब्रँडिंगला छान. पण ठळक वजनात 'द्व', 'ष्ट', 'ज्ञ' अशी गच्च जोडाक्षरं आली की डाग पडल्यासारखी दिसतात. सलग परिच्छेदाला मी तो लावणार नाही.

परिच्छेदासाठी, विशेषतः दिवाळी अंक, स्मरणिका, कवितेचं पुस्तक यांना, जाड-बारीक रेघेचा फॉन्ट हवा. टिरो देवनागरी मराठी हा त्यातला माझ्या मते सर्वांत देखणा फुकट फॉन्ट. हिंदी, संस्कृत आणि मराठीसाठी त्याच्या वेगळ्या फाइली आहेत, म्हणून मराठीची फाइल घेतली की ल-श साठी भाषेची निवड आठवणीने लावायची गरज उरत नाही. १२ पॉइंट अक्षर आणि १८ पॉइंट ओळ इथून सुरुवात करा. त्याला बोल्ड नाही, फक्त रेग्युलर आणि इटॅलिक आहे. उपशीर्षकांना मुक्तचं सेमीबोल्ड लावा, पण सॉफ्टवेअरचं बोल्डचं बटण दाबून खोटा जाडपणा आणू नका, त्यात पोटं बुजतात. एकाच कुटुंबात जाड-बारीक सगळं हवं असेल तर सात वजनांचा मार्टेल किंवा पाच वजनांचा एक्झार. एक्झारच्या रेघांत जोर आहे, सांस्कृतिक कार्यक्रमाच्या पोस्टरला त्याची ठळक वजनं अप्रतिम दिसतात. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्राही पुस्तकांसाठी जरूर बघा.

जाड-बारीकच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवायची. देवनागरीचा बोरू ज्या बाजूने कापतात त्यामुळे अक्षरातल्या जाडीचा तिरपा रोख रोमन अक्षरांच्या उलट असतो. म्हणून इंग्रजीत नाजूक बारीक रेघांचा फॉन्ट आवडला आणि त्याला साजेसा देवनागरी शोधायचा असेल तर रेघेची दिशा जुळवत बसू नका. पानाचा एकूण काळेपणा आणि सर्वांत बारीक रेघेची जाडी जुळवा.

शोभेचे फॉन्ट तीन-चार बस्स. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला यात्रा वन, चपट्या ब्रशचं वळण असलेला. वडापावच्या गाडीपासून नाट्यमहोत्सवापर्यंत त्याला आपल्याकडे अर्थ आहे. गुबगुबीत 'मोदक' फक्त एक-दोन शब्दांपुरता, आणि दोन इंचांपेक्षा लहान कधीच नाही. लहान मुलांच्या कामाला बलू २. हस्ताक्षर हवं तर 'कलम'. हे सगळे मिळून सुद्धा एका कामात एकच.

विंडोजबरोबर येणाऱ्या 'मंगल' फॉन्टचा इथे वेगळा उल्लेख करतो. र. कृ. जोशींनी तो पडद्यावर वाचण्यासाठी केला, जेव्हा पडदे भरड होते, आणि त्या कामात तो चोख होता. छापील पत्रिकेत तो लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

पाटी आणि अक्षराची उंची

राज्यात कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानांच्या पाटीवर देवनागरी मराठी नाव आधी हवं आणि ते इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा गोखले रोडपासून वाशीच्या सेक्टरांपर्यंत पाट्या बदलायची घाई झाली. त्या घाईतली सर्रास चूक म्हणजे दोन्ही नावांना सारखाच पॉइंट साइज देणं. पॉइंट हे अक्षराचं माप नव्हे, अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसवलं आहे तिचं माप आहे. देवनागरीला त्याच चौकटीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार बसवायचे असतात, म्हणून बऱ्याच फॉन्टमध्ये मूळ अक्षर लहान निघतं आणि कागदोपत्री समान असलेलं मराठी नाव डोळ्याला लहान दिसतं.

मोजायची रीत सोपी आहे. दोन्ही फॉन्टमध्ये १०० पॉइंटला क आणि इंग्रजी कॅपिटल एच लिहा, कर्व्ह करा (म्हणजे अक्षराची आकृती करा), उंची मिलिमीटरमध्ये वाचा. क ची उंची शिरोरेघेच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत घ्यायची. समजा एच २५ मिमी आला आणि क २२ मिमी. २५ ला २२ ने भागा, १.१४ येतं. म्हणजे इंग्रजी १०० पॉइंटला असेल तर मराठी किमान ११४ ला हवं. पॉपिन्समध्ये देवनागरी अक्षर रोमनच्या कॅपिटलपेक्षा मुळातच उंच ठेवलेलं आहे, तिथे हा प्रश्न येत नाही. काना-मात्रांसाठी पाटीच्या उंचीत वर आणि खाली जागा सोडावी लागते. ती न सोडल्यामुळे फ्रेमखाली उकार कापले गेलेल्या पाट्या जांभळी नाक्यावर हव्या तेवढ्या दिसतील.

किती लांबून वाचायचं आहे त्याचा ढोबळ हिशेब : दर दहा फुटांना एक इंच उंची. साठ फुटांवरून वाचायच्या पाटीला क सहा इंच, घोडबंदर रोडवर दीडशे फुटांवरून वाचायच्या फ्लेक्सला पंधरा इंच. मागून दिवे असलेल्या पाटीत प्रकाश पसरून अक्षरं फुगतात, म्हणून तिथे बोल्डऐवजी मीडियम किंवा सेमीबोल्ड घ्या.

ॲक्रिलिकच्या किंवा धातूच्या उठावाच्या अक्षरांत देवनागरीचा मोठा फायदा आहे : शिरोरेघेमुळे अख्खा शब्द एक तुकडा होतो. सुटा राहतो तो अनुस्वार. त्याला वेगळी खीळ लागते, हे बनवणाऱ्याला ड्रॉइंगवरच लिहून द्या. एलईडी आत बसवायची असेल तर रेघ किमान किती रुंद हवी ते त्याच्याकडून आधी विचारा आणि फॉन्टमधली सर्वांत बारीक रेघ त्याप्रमाणे मोजा. रोझा वनसारखा टोकाचा जाड-बारीक फॉन्ट इथे बाद होतो. पत्रिकेवर सोनेरी फॉइल असेल तरी हेच लागू. पाव मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ फॉइलमध्ये तुटण्याची शक्यता धरा.

प्लॉटरवर विनाइल कापायला फाइल देताना आणखी एक तपासणी. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारची अक्षरं शिरोरेघेत एकमेकांवर थोडी चढवलेली असतात, म्हणजे फट दिसू नये. कर्व्ह केल्यावर ते चढलेले भाग तसेच राहतात आणि प्लॉटर प्रत्येक जोडावर विनाइल कापतो. कोरलमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधलं युनाइट करून, म्हणजे सगळे तुकडे एकजीव करून, मगच फाइल पाठवा. अक्षरांना बाहेरून रेघ द्यायची असली तरी आधी हेच, नाहीतर जोडांवर उभ्या रेघा उमटतात. नंतर आउटलाइन दृश्यात एकदा नजर टाका. वेल्डमध्ये कधीकधी पोटातली छोटी पांढरी जागाही भरली जाते.

सॉफ्टवेअरच्या सवयी

'हार्दिक'ची वेलांटी द च्या पलीकडे गेली आणि र् पाय मोडून सुटा उभा राहिला तर दोष फॉन्टचा नाही, सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनाचा आहे. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत ॲडोबी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेस, टाइप इथे इंडिक पर्याय चालू केला की तोच कंपोझर दिसू लागतो. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. व्हेरिएबल फॉन्ट जुन्या कोरलमध्ये नीट चालत नाहीत, झिपमधल्या स्टॅटिक, म्हणजे प्रत्येक वजनाच्या वेगळ्या, फाइली टाका.

ऑटो लीडिंग, म्हणजे ओळींचं आपोआप ठरणारं अंतर, बंद. ते १२० टक्क्यांचं असतं आणि इंग्रजीसाठी ठरवलेलं आहे. मराठीला १५० ते १६० टक्के द्या, म्हणजे १० पॉइंटला १५-१६. अक्षरांतर शून्य. तयार टेम्प्लेटमधल्या इंग्रजी शीर्षकाला बहुधा अंतर वाढवलेलं असतं, त्यात मराठी चिकटवली की शिरोरेघ तुकड्या-तुकड्यांची होते. दोन्ही कडा जुळवलेल्या मजकुरात इनडिझाइनच्या जस्टिफिकेशनमध्ये लेटर स्पेसिंगचे तिन्ही आकडे शून्य ठेवा आणि ताण शब्दांतरावर जाऊ द्या. स्तंभ अरुंद असेल तर सरळ डावीकडे जुळवा. 'महानगरपालिकेच्या'सारखा शब्द अरुंद स्तंभात आला की बाकीच्या ओळीत भगदाडं पडतात.

श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर अजूनही छापखान्यांतून येतो. त्यात प्रत्येक अक्षर रोमन चिन्हांच्या जागी बसवलेलं असतं, म्हणून फॉन्ट बदलला की निरर्थक चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि त्यानंतर रफार, ऱ्या, ॲ, द्य आणि आकडे ही पाच ठिकाणं मूळ प्रतीशी ताडून बघा. रूपांतरात बिघडतं ते याच जागी.

छपाईला देताना काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, चारही रंगांच्या मिश्रणात नाही. रंगांचा जोड जरा हलला तरी मात्रांच्या कडा धूसर होतात. काळ्यावर पांढरा मजकूर असेल तर ९ पॉइंटच्या खाली जाऊ नका आणि एक वजन वरचं घ्या. खुल्या परवान्याचा फॉन्ट वागळे इस्टेटमधल्या किंवा तुर्भ्याच्या छापखान्याला फाइलसोबत बिनदिक्कत देता येतो, विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना आधी वाचावा लागतो. तिथे पीडीएफ द्या. ॲक्रोबॅटमध्ये प्रॉपर्टीज उघडून फॉन्ट्सच्या टॅबमध्ये प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' (फॉन्ट फाइलमध्येच सामावलेला) आहे का ते बघा, आणि यादीत तुम्ही न वापरलेलं एखादं नाव दिसलं तर ते कुठल्या अक्षरासाठी आलं आहे ते शोधून काढा.